आंब्याचा हंगाम संपला, कार्ट्रिज अर्ध्या उरल्या: ठेवायच्या कशा?

देवगडजवळच्या एका बागायतदार काकांचा प्रश्न असा आहे: "मार्च ते मे पेट्यांची लेबलं आणि बिलं छापायला घरी इंकजेट प्रिंटर घेतलाय. मिरग लागला की पुढच्या मार्चपर्यंत त्याला काम नाही. गेल्या वर्षी दोन्ही कार्ट्रिज अर्ध्या भरलेल्या होत्या. बाहेर काढल्या, खाली सेलोटेप लावली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या. मार्चमध्ये काळी छापेचना आणि रंगीतमधला पिवळा हिरवा यायला लागला. दोन्ही टाकून दिल्या. फ्रिजात ठेवलंय, तरी सुकली कशी? यंदाही दोन्ही अर्ध्याच आहेत."

काका, मी कणकवलीत १९ वर्षं प्रिंटर दुरुस्तीचं आणि रिफिलिंगचं काम करतोय. तुमच्यासारखी कार्ट्रिज दर फेब्रुवारीत माझ्या टेबलावर येते, आणि गणपतीच्या आधी चाकरमानी घरं उघडतात तेव्हा पुन्हा येते. म्हणून उत्तर आधी देतो, कारणं मागून. एकदा वापरायला काढलेली कार्ट्रिज नऊ महिने बाहेर टिकवायचा भरवशाचा उपाय नाही. तिची सगळ्यात चांगली जागा म्हणजे प्रिंटर. बटणाने नीट बंद केलेला आणि आठवड्याला एक पान छापणारा प्रिंटर. काही दिवस किंवा महिनाभर बाहेर ठेवायची वेळ आलीच, तर ती रीत वेगळी आहे, तीही खाली सांगतो.

आता सुकतं नेमकं काय, ते बघू. इंकजेटची शाई म्हणजे बहुतांश पाणी. त्यात रंग, शाई लवकर वाळू नये म्हणून ग्लायकॉलसारखे द्रव, आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं औषध. टाकीतल्या स्पंजातली शाई सहसा सुकत नाही. अर्धी कार्ट्रिज हलवली तर वजन लागतं, म्हणजे शाई आहे. सुकतं ते तोंड, म्हणजे शाई जिथून बाहेर उडते ते नोझल. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, आणि नोझलचं एकेक छिद्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. अशी शेकडो छिद्रं एका चकचकीत पट्टीवर असतात. त्या तोंडातलं पाणी उडालं की मागे राहते ती घट्ट खळ, आणि तिची खपली झाली की मागची सगळी शाई अडकून बसते. काळी आधी बसते, कारण तुमच्या जातीच्या कार्ट्रिजमधली काळी शाई बहुधा पिगमेंटची असते. म्हणजे पाण्यात न विरघळणारे, नुसते तरंगणारे बारीक कण. रंगीत शाई डायची, पाण्यात विरघळलेली, म्हणून ती वाळली तरी कोमट पाण्याने बऱ्याचदा सुटते. तुमची काळी मेली आणि रंगीत जिवंत राहिली, त्याचं कारण हेच.

मग फ्रिजमध्ये काय झालं? फ्रिज थंड असतो म्हणून आपल्याला वाटतं की तिथे काही सुकणार नाही. पण फ्रिजची हवा कोरडी असते. आतलं बाष्प थंड कॉइलवर जाऊन गोठतं. उघडी ठेवलेली कोथिंबीर दोन दिवसांत मलूल होते ना, तेच नोझलचं होतं. पिशवी गुंडाळलेली होती, पण गुंडाळलेली पिशवी हवाबंद नसते. दुसरं, थंडीने कार्ट्रिजमधली हवा आकसते आणि नोझलमधून बाहेरची हवा आत ओढून घेते. पुन्हा गरम झाली की ती हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. तिसरं आपल्या किनाऱ्यावर जास्त नडतं. फ्रिजमधून काढलेली वस्तू आपल्याकडे मिनिटभरात घामेजते. कार्ट्रिजच्या मागे प्रिंटरला वीज जोडणाऱ्या तांब्याच्या टिकल्या असतात, त्या ओल्या असताना कार्ट्रिज प्रिंटरमध्ये घातली तर शॉर्ट होऊन कार्ट्रिज जातेच, कधी प्रिंटरचा बोर्डही जातो. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. सील न फोडलेली नवी कार्ट्रिजसुद्धा फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. घरातलं थंड, अंधारं कपाट पुरतं.

पिवळ्याचा हिरवा झाला तो सेलोटेपमुळे. रंगीत कार्ट्रिजच्या खालच्या पट्टीवर निळा, गुलाबी आणि पिवळा यांच्या नोझलच्या रांगा एकमेकींपासून एक-दोन मिलिमीटरवर असतात. टेप पट्टीवर सपाट बसत नाही, मध्ये केसभर फट राहते, आणि त्या फटीतून शाई एका रंगाकडून दुसऱ्याकडे सरकते. अशी कार्ट्रिज आली की मी टेप हळू उचलून उजेडात धरतो. टेपच्या चिकट बाजूवर तीन स्वच्छ रेघा असायला हव्यात, तिथे एकच चिखली रंगाचा डाग असतो. निळा पिवळ्यात शिरला की पिवळा हिरवा. ही कार्ट्रिज मेलेली नव्हती, काका. ती टाकायची गरज नव्हती. ओल्या टिश्यूवर टेकवत राहिलं असतं, तर चार-पाच टेकणींत पिवळी रेघ पुन्हा पिवळी झाली असती. टेप लावायचीच तर नव्या कार्ट्रिजबरोबर येते ती, किंवा त्यापेक्षा बरं म्हणजे काहींना येणारी प्लास्टिकची क्लिप. ती फेकू नका, प्रिंटरच्या कागदाच्या खोक्यातच ठेवा. पूर्वी एचपीच्या काही प्रिंटरबरोबर तिसरी फोटो कार्ट्रिज काढून ठेवायला खास झाकणाची डबी यायची. कुणाकडे जुनी पडली असेल तर ती सोन्यासारखी आहे. फक्त त्याच घडणीची कार्ट्रिज तिच्यात बसते.

काहीही ठरवण्याआधी कार्ट्रिज उलटी करून बघा. खाली चकचकीत पट्टी आणि मागे तांब्या-सोन्याच्या टिकल्यांची रांग असेल, तर हेड, म्हणजे शाई उडवणारा नोझलचा भाग, कार्ट्रिजवरच आहे. एचपीची ६७८, ६८०, ८०३, ८०५ किंवा कॅननची पीजी-७४५, सीएल-७४६, पीजी-४७, सीएल-५७ या सगळ्या याच जातीच्या. तुमचं वर्णन वाचून तुमचीही यातलीच वाटते. ही बाहेर काढून ठेवता येते, कारण सुकलं तर तिचंच तोंड सुकेल. खाली नुसतं एक भोक, स्पंजाचा तुकडा किंवा व्हॉल्व्ह असेल, तर ती नुसती शाईची टाकी. हेड प्रिंटरमध्ये आहे. एप्सन आणि ब्रदरच्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरमध्ये असंच असतं, कॅननच्या सुट्या रंगांच्या टाक्यांचंही तेच. या जातीत कार्ट्रिज काढून ठेवणं हीच मोठी चूक. टाकी डब्यात सुखाने राहील, पण तिकडे प्रिंटरमधल्या हेडची वाट लागेल, आणि ते हेड कार्ट्रिजच्या कितीतरी पट महाग असतं. ही टाकी बदलायचीच असेल तर नवी हाताशी ठेवून जुनी काढा, दोन मिनिटांत बसवा. बाटलीने शाई भरायच्या टँकवाल्या प्रिंटरमधून तर काहीच काढायचं नसतं. बाटल्यांची झाकणं घट्ट लावून त्या उभ्या ठेवायच्या, आणि प्रिंटर न वाकवता सपाट ठेवायचा.

प्रिंटर हीच जागा चांगली म्हणतो, त्याचं कारण सांगतो. काम संपलं की हेड उजव्या टोकाला जातं. तिथे रबराची एक छोटी वाटी असते. ती वर येऊन नोझलला चिकटते आणि झाकण घालते. शेजारी रबराची पट्टी असते, ती तोंड पुसते. कुठल्याही डब्यापेक्षा हे झाकण चांगलं, कारण ते त्याच नोझलच्या मापाने केलेलं आहे. पण ही सगळी हालचाल होते ती प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबल्यावर. भिंतीचं बटण बंद केलं किंवा मध्येच लाइट गेली, तर हेड जिथे असेल तिथेच उघडं राहतं. आपल्याकडे मे अखेरीस वळवाचा पाऊस आणि विजा सुरू झाल्या की घरातली माणसं धावत जाऊन प्लग काढतात. काढायलाच हवा, विजेने जळलेले बोर्ड मी दर जूनमध्ये बघतो. पण क्रम असा ठेवा: आधी प्रिंटरचं बटण, मग आतला आवाज थांबून दिवा विझेपर्यंत वाट बघा, मग प्लग. अर्धा मिनिटही लागत नाही. लाइट गेल्यामुळे हेड मध्येच अडकलं असेल, तर लाइट आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद करा. एवढं एक केलंत तरी तुमच्या अर्ध्या तक्रारी जातील.

आणि आठवड्याला एक पान. कोरं पान नको, सगळे रंग असलेलं हवं. प्रिंटरच्या मेंटेनन्समध्ये नोझल चेक असतो, त्याला शाई नावापुरती लागते. नाहीतर चार रंगांच्या चार पट्ट्यांचं एक पान करून ठेवा. रविवारी देवाची पूजा झाली की, असं काहीतरी घरातल्या कामाला जोडलंत तर लक्षात राहतं. घरातल्या मुलाला हे काम द्या, मुलांना ते आवडतं. घर बंद करून मुंबईला जायचं असेल, तर प्रिंटर शेजाऱ्यांकडे ठेवून जा. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, शाळेचे प्रकल्प, छापायला कारणं भरपूर असतात, आणि तुमची कार्ट्रिज ओली राहते. माझ्या ओळखीच्या एका घराने गेली पाच वर्षं असंच केलंय. प्रिंटर पावसाळ्यात शेजारच्या शिक्षकांकडे असतो, हंगामात परत येतो.

आता बाहेर ठेवायची रीत. रंग संपला म्हणून नुसत्या काळीवर काम चालवायचं असतं, किंवा प्रिंटर दुरुस्तीला द्यायचा असतो, तेव्हा ही वेळ येते. तुमच्या जातीच्या कार्ट्रिजवाल्या बऱ्याच एचपी प्रिंटरमध्ये एक काढून उरलेल्या एकीवर छापता येतं.

झाकणाला रबराची पट्टी आणि चारी बाजूंना लॉक असलेला छोटा डबा घ्या. मसाल्याचा नको. एका बाटलीच्या झाकणात स्पंजाचा तुकडा ठेवा, त्यावर डिस्टिल्ड वॉटर घालून पिळून घ्या. ओला हवा, टपकता नको. ते झाकण डब्याच्या कोपऱ्यात. कार्ट्रिजला तिची क्लिप असेल तर क्लिप लावून, प्रिंटरमध्ये असते तशीच ठेवा. क्लिप नसेल तर नोझल वर करून ठेवा, आणि डब्याच्या भिंतीला, स्पंजाला, कशालाच नोझल टेकू देऊ नका. आडवी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा आधार द्या. डब्यातली हवा दमट राहिली की नोझलमधलं पाणी उडायला जागाच उरत नाही, एवढीच यातली युक्ती. वर तारीख लिहा. दोन्ही कार्ट्रिज एका डब्यात चालतात, फक्त एकमेकींना चिकटवू नका. आठ-दहा दिवसांनी स्पंज धुवा आणि पाणी बदला, नाहीतर आपल्या हवेत त्यावर बुरशी येते. डबा कपाटात ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. मे महिन्यात पत्र्याखाली कार्ट्रिज तापते, आतली हवा फुगते आणि शाई गळते.

पाणी डिस्टिल्डच का? आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, आणि जांभ्यातून आलेलं लोखंड त्यात असतंच. बादलीला जो तांबूस थर धरतो, तोच नोझलमध्ये धरेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला डिस्टिल्ड वॉटरची बाटली बहुतेक घरांत असते. तीच वापरा, पण सील नीट बघून. बॅटरीच्या ॲसिडची बाटली वेगळी असते, ती चुकूनही नको.

एक गोष्ट मला फार आधी सांगायला हवी होती, कारण ती मी स्वतः चुकलोय. धंद्याच्या सुरुवातीला एका शाळेच्या चार कार्ट्रिज उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे ठेवायला आल्या होत्या. कोकणातल्या दमटपणाची मला एवढी धास्ती की मी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, कॅमेऱ्याच्या लेन्सला टाकतात तशा. जूनमध्ये उघडलं तर चारही कार्ट्रिज कोरड्या ठणठणीत. सिलिकाने डब्यातली हवा सुकवली, आणि हवेने शाईचं पाणी ओढलं. चारही मी पदरचे पैसे घालून भरून दिल्या. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: सिलिकाची पुडी कागदाच्या रिमबरोबर ठेवा, कार्ट्रिजबरोबर कधीच नाही. तांदळात पुरून ठेवण्याचंही तेच.

"आपल्याकडे एवढी दमट हवा, मग शाई सुकेलच कशी?" हेही लोक विचारतात. पावसाळ्यात खरंच कमी सुकते. जुलैमध्ये माझ्याकडे सुकलेल्या कार्ट्रिज कमी येतात. ओला कागद अडकलेले आणि टिकल्यांवर हिरवा थर धरलेले प्रिंटर जास्त येतात. पण थंडीत पहाटे घाटाकडून मतलई वारा सुटला की हवा कोरडी होते. ओठ फुटायला लागले की समजावं, नोझलचीही तीच गत आहे. पावसाळ्यात नीट राहिलेली कार्ट्रिज जानेवारीत जाते, आणि तुम्हाला कळतं मार्चमध्ये. म्हणून दिवाळीनंतर ते आठवड्याचं पान चुकवू नका.

समुद्राजवळच्या घरात खाऱ्या हवेने टिकल्यांवर मळ धरतो. प्रिंटर "कार्ट्रिज ओळखता येत नाही" म्हणतो आणि लोक कार्ट्रिज टाकतात. बिनधाग्याच्या कोरड्या कापडाने टिकल्या पुसा, नाही निघालं तर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब, आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. कार्ट्रिज बसते त्या खाचेतल्या टिकल्याही पुसा. तिथे बोट लावू नका. आणि प्रिंटरवर जुन्या सुती साडीचं आवरण घाला. आमच्याकडे येणाऱ्या बंद प्रिंटरमध्ये पालीची अंडी आणि कुंभारमाशीची मातीची घरं नेहमी सापडतात.

यंदा उघडल्यावर काळी छापली नाही तर लगेच हेड क्लीनिंगचा सपाटा लावू नका. तुमच्या जातीच्या कार्ट्रिजमध्ये प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणभर तापून शाईचा बुडबुडा करतो, आणि त्या बुडबुड्याने थेंब बाहेर उडतो. समोर शाईच नसताना तो तापत राहिला तर जळतो, आणि मग काहीच करता येत नाही. आधी टिश्यूची चार पदरी घडी करा, कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा, त्यावर कार्ट्रिजचं तोंड दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा. घासू नका, दाबू नका. उचलल्यावर काळीची एक ठसठशीत रेघ दिसायला हवी, रंगीतच्या तीन. रेघ तुटक आली तर टिश्यूची बाजू बदलून पुन्हा टेकवा. सलग आली की मग प्रिंटरमध्ये घालून क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा. तरी नाही आली तर कार्ट्रिज तशीच आत ठेवून रात्रभर थांबा. सकाळी बऱ्याचदा येते, कारण वाटीखाली ती खपली हळूहळू मऊ होते. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर नोझलला लावू नका. सुईने टोचणारे लोकही मी पाहिलेत, त्याने पट्टी कायमची फाटते.

आता तुमच्या हिशोबाचं बोलतो. कॅनन आणि एप्सन स्वतःच सांगतात की उघडलेली कार्ट्रिज सहा महिन्यांत वापरून टाका. तुमचं काम तीन महिन्यांचं, मग खरेदीच त्या मापाने करा. फेब्रुवारी अखेर नवी घ्या. मोठी एक्सएल कार्ट्रिज हंगामाच्या सुरुवातीला परवडते, मे महिन्यात नको. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शाई संपली तर छोटी घ्या, किंवा शेवटच्या शंभर लेबलांचं काम छपाईवाल्याकडून करून घ्या. जपून ठेवायची ती सील न फोडलेली. ती खोक्यावरच्या तारखेपर्यंत आरामात टिकते. फॉइल फोडली की घड्याळ सुरू.

२०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून पेटीवर स्वतःचं लेबल आणि क्यूआर कोड लावणारे आमच्या भागात वाढले. बऱ्याच जणांनी त्यासाठी स्वस्तातला इंकजेट घेतला. माझं मत विचाराल तर बिलं आणि काळी-पांढरी लेबलं एवढंच काम असेल, तर पुढच्या वेळी छोटा लेझर घ्या. त्यात शाई नसते, टोनरची कोरडी पावडर असते, ती सुकायचा प्रश्नच नाही. नऊ महिने बंद राहिला तरी पहिल्या पानापासून छापतो. पावसाळ्यात फक्त कागद कोरडा ठेवा आणि टोनर काढलाच तर तो ज्या काळ्या पिशवीत आला त्याच पिशवीत, आडवा ठेवा. उजेडाने त्यातला ड्रम खराब होतो. शिवाय लेझरचं लेबल पेटी ओली झाली तरी पसरत नाही, डायच्या शाईचं रंगीत लेबल पसरतं. फक्त लेबलाचा कागद लेझरला चालणारा घ्या, साधा चिकट कागद आत वितळून बसतो.

यंदाच्या दोन अर्ध्या कार्ट्रिज मात्र आजच प्रिंटरमध्ये परत घाला. नोझल चेकचं एक पान काढा, बटणाने बंद करा, मग प्लग काढा. पानावर रेघा तुटक दिसल्या तर टिश्यूवर टेकवा, आणि तरी जमलं नाही तर दोन्ही डब्यात घालून पाऊस लागायच्या आत माझ्याकडे पाठवा. येताना नोझल वर ठेवा, एसटीच्या सामानात आडव्या किंवा नोझल खाली होऊन पडू देऊ नका.